‘वन्स इन अ ब्लू मून’: अर्थ, वापर आणि निळ्या चंद्राची हकिकत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार सहज येतो. ऐकला की अर्थाचा अंदाजही येतो, पण स्वतः वापरायची वेळ आली की अडखळायला होतं. कुठे वापरायचा, कुठे नाही, समोरच्याला टोचेल का, आणि या सगळ्यात चंद्र कुठून आला, असे प्रश्न शिकणारे पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. वापराबद्दलचे प्रश्न आधी घेतले आहेत. आकाशातल्या ‘ब्लू मून’ची गोष्ट उत्तरार्धात आहे आणि ती थोडी लांबली आहे, कारण या वाक्प्रचाराबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्मले.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे नेमकं काय?

फार क्वचित. एखादी गोष्ट घडते, पण इतक्या अंतराने घडते की ती घडेल अशी कोणी वाट पाहत नाही. ‘माय ब्रदर कुक्स वन्स इन अ ब्लू मून’ असं कोणी म्हटलं, तर भाऊ स्वयंपाकघरात चुकून कधीतरी पाऊल टाकतो एवढं कळतं. तो कधीच स्वयंपाक करत नाही, असं मात्र हे वाक्य सांगत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा. ‘कधीच नाही’ या अर्थाने हा वाक्प्रचार आज वापरत नाहीत. त्यासाठी ‘नेव्हर’ आहे, आणि ठसक्यात सांगायचं असेल तर ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ आहे.

क्वचित म्हणजे किती क्वचित? वर्षातून एकदा? पाच वर्षांतून एकदा?

आकडा नाही, आणि तो शोधू नये. क्वचितपण हे त्या त्या गोष्टीच्या नेहमीच्या गतीवर ठरतं. रोज फोन करणं अपेक्षित असलेल्या मुलाने तीन महिन्यांनी फोन केला तर आई ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणेल. परदेशी राहणारा शाळेतला मित्र दोन वर्षांनी भेटला तरी त्याला कोणी असं म्हणणार नाही, कारण तिथे अपेक्षाच तेवढी आहे. म्हणजे हा वाक्प्रचार घड्याळाने किंवा दिनदर्शिकेने मोजत नाही, बोलणाऱ्याच्या अपेक्षेने मोजतो.

आकाशातला ब्लू मून सरासरी २.७ वर्षांनी येतो, म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अडीच-तीन वर्षांतून एकदा, असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते चुकीचं आहे. का, ते पुढे येईलच.

‘वन्स इन अ व्हाइल’ आणि हे एकच का?

नाही. शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘वन्स इन अ व्हाइल’ म्हणजे अधूनमधून. त्यात एक सैलसर नियमितपणा आहे. ‘वुई गो टु द मूव्हीज वन्स इन अ व्हाइल’ म्हणणारी माणसं दोन-तीन महिन्यांनी सिनेमाला जात असतील आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नसेल. त्याच वाक्यात ‘ब्लू मून’ घातला की चित्र पालटतं: ही माणसं सिनेमाला जवळजवळ जातच नाहीत, गेली तर ती नवलाची गोष्ट. ‘नाउ अँड देन’ हा ‘वन्स इन अ व्हाइल’चा भाऊ, आणि ‘हार्डली एव्हर’ हा ‘ब्लू मून’चा जवळचा नातेवाईक, फक्त त्यात रंग नाही.

‘वन्स इन अ लाइफटाइम’ आणखी वेगळा. तो जन्मात एकदाच घडणाऱ्या गोष्टीसाठी आहे, आणि त्यात बहुधा कौतुक असतं: आयुष्यात एकदाच मिळणारी संधी, एकदाच घडणारा प्रवास. ‘ब्लू मून’ला पुनरावृत्ती लागते. गोष्ट पूर्वी घडलेली असते, पुन्हाही घडेल, फक्त कधी ते सांगता येत नाही. त्यामुळे ‘आय सॉ द नॉर्दर्न लाइट्स वन्स इन अ ब्लू मून’ हे वाक्य इंग्रजी कानाला विचित्र लागतं. एकदाच पाहिले असतील तर नुसतं ‘वन्स’ पुरे.

‘इन अ मंथ ऑफ संडेज’ हा जुन्या वळणाचा वाक्प्रचारही ऐकू येतो. तो बहुधा नकारार्थी वाक्यात बसतो: ‘आय हॅव्हन्ट सीन हिम इन अ मंथ ऑफ संडेज’, म्हणजे युगं लोटली त्याला पाहून. इथे ‘ब्लू मून’ चालत नाही.

वाक्यात तो कुठे ठेवायचा?

बहुतेक वेळा शेवटी. ‘शी राइट्स टु अस वन्स इन अ ब्लू मून.’ जोर द्यायचा असेल तर सुरुवातीला आणता येतो: ‘वन्स इन अ ब्लू मून, ही टेक्स अ डे ऑफ.’ मधोमध, म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये, तो अवघडतो. ‘शी वन्स इन अ ब्लू मून राइट्स’ असं कोणी सहजपणे बोलत नाही.

त्याच्या आधी ‘ओन्ली’ लावून तो सुरुवातीला आणला, तर पुढची शब्दरचना प्रश्नासारखी उलटते: ‘ओन्ली वन्स इन अ ब्लू मून डझ ही अ‍ॅडमिट दॅट ही इज राँग.’ हे व्याकरणशुद्ध आहे, पण पुस्तकी वाटतं. बोलताना शेवटी ठेवलेलाच बरा.

कोणता काळ वापरायचा?

सवय सांगणारा. साधा वर्तमानकाळ त्याला सर्वांत मानवतो. भूतकाळातली सवय सांगायची असेल तर ‘वुड’ किंवा ‘यूज्ड टु’ घेऊन सांगता येते: ‘वन्स इन अ ब्लू मून, माय ग्रँडफादर वुड सिंग.’ आत्ता या क्षणी चाललेल्या क्रियेशी तो जुळत नाही. ‘आय अ‍ॅम ईटिंग आइस्क्रीम वन्स इन अ ब्लू मून’ हे वाक्य मराठीतून विचार करणाऱ्याच्या तोंडून सहज निघतं, कारण ‘मी क्वचितच आइस्क्रीम खातो आहे’ यातली गडबड मराठीत तितकी खटकत नाही. इंग्रजीत मात्र ती लगेच जाणवते. ‘आय ईट’ म्हणा.

‘नेव्हर’, ‘ऑलवेज’, ‘ऑफन’ यांच्यापैकी कुणाशीही त्याची जोडी लावू नका.

‘अ’च्या जागी ‘द’ चालेल का? ‘ट्वाइस इन अ ब्लू मून’?

दोन्ही नाही. हा साचा घट्ट बसलेला आहे: वन्स, इन, अ, ब्लू, मून. ‘ब्लू मून्स’ असं अनेकवचनही होत नाही. अमेरिकेत ‘एव्हरी वन्स इन अ ब्लू मून’ असं कानावर पडतं. ‘एव्हरी वन्स इन अ व्हाइल’च्या सवयीने ते ‘एव्हरी’ इथे येऊन चिकटलं आहे. ऐकून दचकू नका, पण स्वतः शिकताना ते सोडून द्या.

उच्चार कसा करायचा?

पहिले तीन शब्द जोडून, ‘वन्सिन-अ’ असे घाईने. जोर ‘ब्लू’ आणि ‘मून’ या दोन शब्दांवर, आणि दोन्ही स्वर पुरेसे लांब. पाचही शब्द सुटे-सुटे, सारख्या वजनाने म्हटले तर पाठ केलेलं वाटतं.

विशेषण म्हणून वापरता येतो का?

येतो. ‘अ वन्स-इन-अ-ब्लू-मून व्हिजिट’ म्हणजे फार क्वचित घडणारी भेट. नामाच्या आधी आला की शब्दांमध्ये जोडरेघा द्याव्या लागतात, एरवी नाही. ‘ब्लू’ आणि ‘मून’ यांची पहिली अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची गरज नाही.

कुणाला असं म्हटलं तर टोमणा वाटतो का?

वाटू शकतो, आणि शब्दकोशात हे बहुधा सापडत नाही. स्वतःबद्दल किंवा निर्जीव गोष्टीबद्दल बोलताना हा वाक्प्रचार निरुपद्रवी आहे. ‘आय ड्रिंक कॉफी वन्स इन अ ब्लू मून’ यात कुणाचं काही जात नाही. पण वाक्याचा कर्ता ‘यू’ झाला आणि क्रियापद फोन करणं, भेटणं, मदत करणं, घरी येणं अशापैकी असलं, की त्याला तक्रारीची धार येते. ‘यू कॉल मी वन्स इन अ ब्लू मून’ हे नुसतं निरीक्षण नसतं. ‘तुला माझी आठवण तरी कुठे येते’ असं त्यात दडलेलं असतं. जवळच्या माणसांत ते लाडिक होतं. कामाच्या ठिकाणी, विशेषतः हाताखालच्या माणसाला किंवा वरिष्ठांना उद्देशून, ते बोचतं.

तिसऱ्या व्यक्तीबद्दल बोलतानाही सावध राहा. ‘ही व्हिजिट्स हिज पेरेंट्स वन्स इन अ ब्लू मून’ म्हणालात तर तुम्ही त्या मुलाला दोष दिलात असंच ऐकणारा धरून चालतो. दोष द्यायचा नसेल तर ‘ही डझन्ट गेट टु व्हिजिट देम व्हेरी ऑफन’ म्हणा. त्यात ‘जमत नाही’ हा भाव येतो आणि माणसाला जागा मिळते. माझ्या मते हा वाक्प्रचार शिकवताना अर्थाच्या पाठोपाठ लगेच हे शिकवायला हवं. चुकीचा काळ वापरला तर फार तर कोणी हसेल, चुकीच्या माणसाला हे म्हटलं तर मन दुखावेल.

मलाच कोणी असं म्हटलं तर?

त्यामागे ‘भेटत जा’ ही इच्छा असते हे ओळखा आणि तिला उत्तर द्या. ‘आय नो, इट्स बीन टू लाँग’ एवढं पुरतं. शेवटचा फोन कधी केला होता याचा हिशेब देत बसू नका.

कार्यालयीन ईमेल, अहवाल, निबंध यांत वापरावा का?

ओळखीच्या सहकाऱ्याला लिहिलेल्या ईमेलमध्ये चालतो. अहवाल, शोधनिबंध, अर्ज, कायदेशीर पत्र यांत नको. तिथे ‘रेअरली’ किंवा ‘सेल्डम’ लिहा, आणि आकडा उपलब्ध असेल तर आकडाच द्या. डॉक्टरांनी ‘हे दुखणं किती वेळा होतं’ असं विचारलं तर ‘वन्स इन अ ब्लू मून’ हे उत्तर त्यांच्या काहीच उपयोगाचं नाही. महिन्यातून एकदा की वर्षातून एकदा, हे त्यांना हवं असतं.

आयईएलटीएससारख्या परीक्षेत याने गुण वाढतात का?

आयईएलटीएसच्या बोलण्याच्या चाचणीत शब्दसंपदेचे निकष असतात, आणि वरच्या पातळ्यांवर वाक्प्रचारांचा वापर त्यात धरला जातो. पण तो सहज आणि अचूक असावा लागतो. घोकून आलेला वाक्प्रचार कुठेही चिकटवला तर परीक्षकाला तो ओळखू येतो. प्रश्न सवयीबद्दल असेल, ‘तुम्ही किती वेळा संग्रहालयात जाता’ असा, तर उत्तरात हा छान बसतो. त्यापुढे एक कारण जोडा: ‘वन्स इन अ ब्लू मून, टु बी ऑनेस्ट, बिकॉज देअर इझन्ट वन निअर माय हाउस.’ कारण जोडलं की वाक्प्रचार दागिन्यासारखा लोंबत राहत नाही. लेखी निबंधात मात्र तो टाळा.

मराठीत याला काय म्हणावं?

‘निळ्या चंद्रात एकदा’ असं भाषांतर कृपा करून करू नये. मराठी वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

बहुतेक ठिकाणी ‘क्वचितच’, ‘चुकूनमाकून कधीतरी’, ‘वर्षा-सहा महिन्यांतून एकदा’ यांनी काम भागतं. बोलण्याचा सूर हवा असेल तर ‘अमावास्या-पौर्णिमेला’ आहे, आणि त्यात चंद्रही आपसूक येतो. फक्त त्याचं अंतर कमी वाटतं, कारण पौर्णिमा दर महिन्याला येते. ‘कधी नव्हे तो’ ही शब्दयोजना त्या क्षणाचं आश्चर्य पकडते: ‘आज कधी नव्हे तो वेळेवर आला.’ इंग्रजी वाक्प्रचार सवय सांगतो, मराठी ‘कधी नव्हे तो’ एक प्रसंग सांगतो, हे भाषांतर करताना ध्यानात ठेवावं.

रंगाने सर्वांत जवळचा म्हणाल तर ‘कपिलाषष्ठीचा योग’. तोही आकाशातल्या आणि पंचांगातल्या दुर्मीळ जुळणीवरून आला आहे, आणि तोही मूळ गणित माहीत नसलेल्यांच्या तोंडी सर्रास असतो. पण कपिलाषष्ठी सहसा आनंदाच्या गोष्टीला लावतात. चारही मित्र एकत्र जमले, हा कपिलाषष्ठीचा योग. ‘ब्लू मून’ला आनंदाची अट नाही. ‘गाडी क्वचितच बंद पडते’ याला तो चालेल, कपिलाषष्ठी चालणार नाही. ‘उंबराचं फूल’ माणसासाठी ठीक: जो दिसतच नाही तो.

चंद्र निळा नसतो, मग वाक्प्रचारात निळा चंद्र आला कसा?

चंद्र निळा नसतो म्हणूनच तो आला. आज एखादी अशक्य गोष्ट सांगायला डुकरं उडवतात, तशीच पूर्वी चंद्राला निळा करण्याची रीत होती. १५२८ साली विल्यम रॉय आणि जेरोम बार्लो या दोघांनी धर्मगुरूंवर कोरडे ओढणारी एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. चंद्र निळा आहे असं या मंडळींनी सांगितलं तर आपण ते खरं मानायचं, अशा अर्थाच्या ओळी तिच्यात आहेत. तिथे निळा चंद्र म्हणजे उघड-उघड खोटी, हास्यास्पद गोष्ट.

अशक्य या अर्थावरून तो ‘कधीच नाही’कडे गेला. एखादी गोष्ट ‘ब्लू मून’पर्यंत होणार नाही, म्हणजे होणारच नाही. मग धार हळूहळू बोथट झाली. १८२१ च्या सुमारास छापील इंग्रजीत ‘धिस ब्लू मून’ हे शब्द ‘फार दिवसांत’ या अर्थाने दिसतात, आणि एकोणिसाव्या शतकात ‘वन्स इन अ ब्लू मून’ आजच्या रूपात रुळला. अशक्यपासून कधीच-नाहीपर्यंत, आणि तिथून क्वचितपर्यंत, असा हा प्रवास आहे.

पण एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात ना? वाक्प्रचार त्यावरूनच आला असणार.

नेमकं उलटं. वाक्प्रचार शेकडो वर्षं जुना आहे आणि दोन पौर्णिमांची व्याख्या १९४६ ची. ती कशी जन्मली ते कागदोपत्री सापडलं आहे, म्हणून मला ही हकिकत फार आवडते.

अमेरिकेच्या मेन राज्यात ‘मेन फार्मर्स अल्मनॅक’ नावाचं शेतकऱ्यांचं पंचांग निघत असे. त्यात ब्लू मूनच्या तारखा दिलेल्या असत, आणि त्या ऋतूंवरून काढलेल्या असत. एका ऋतूत साधारणपणे तीन पौर्णिमा येतात. एखाद्या ऋतूत चार आल्या, तर त्यातल्या तिसरीला हे पंचांग ब्लू मून म्हणे. तिसरीच का? कारण ऋतूतल्या पौर्णिमांना ठरलेली नावं होती, त्यातली काही ईस्टर आणि ख्रिसमसशी बांधलेली. जादा पौर्णिमा मध्ये घातली की आधीची आणि नंतरची आपापल्या जागी राहत.

या पंचांगाच्या १९३७ च्या अंकातला मजकूर १९४३ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाच्या प्रश्नोत्तरांच्या सदरात उद्धृत झाला. तो वाचून जेम्स ह्यू प्रुएट या हौशी खगोल-अभ्यासकाने मार्च १९४६ च्या अंकात लेख लिहिला. एकोणीस वर्षांत सात वर्षं अशी येतात की त्यांत तेरा पौर्णिमा असतात, एवढं त्याच्यासमोर होतं. त्याने मांडणी केली: तेरा पौर्णिमा, बारा महिने, म्हणजे अकरा महिन्यांत एकेक आणि एका महिन्यात दोन, त्या महिन्यातली दुसरी म्हणजे ब्लू मून. हा आपण लावलेला अर्थ आहे, असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. पण १९३७ च्या पंचांगातला ब्लू मून २१ ऑगस्टचा होता. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात, तेव्हा २१ तारखेची पौर्णिमा महिन्यातली दुसरी असूच शकत नाही.

लेख वाचला गेला आणि व्याख्या मासिकाच्या पानांत शांतपणे राहिली. जानेवारी १९८० मध्ये डेबोरा बर्ड यांनी ‘स्टारडेट’ या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमात ती सांगितली. १९८६ मध्ये ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या प्रश्नमंजूषेच्या खेळात ती आली, आणि दोन वर्षांत ती ‘प्राचीन लोकसमजूत’ म्हणून वर्तमानपत्रांत झळकू लागली. लोकसाहित्याचे अभ्यासक फिलिप हिस्कॉक यांनी तिचा माग काढला. १९९९ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’नेच डोनाल्ड ओल्सन आणि सहकाऱ्यांचा लेख छापून स्वतःच्या जुन्या अंकातली चूक मान्य केली. त्यांनी पंचांगाचे जुने अंक गोळा करून तपासले, तेव्हा सगळे ब्लू मून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत, २० ते २३ तारखांच्या दरम्यान निघाले.

मग आज कोणती व्याख्या बरोबर मानायची?

दोन्ही चालतात. महिन्यातली दुसरी पौर्णिमा ही व्याख्या आता इतकी रुळली आहे की ती मागे घेता येणार नाही, आणि घ्यायची गरजही नाही. ऋतूतली तिसरी ही जुनी व्याख्याही खगोलप्रेमी वापरतात. १९ ऑगस्ट २०२४ चा ब्लू मून त्या हिशेबाने होता. फक्त ‘वन्स इन अ ब्लू मून’ हा वाक्प्रचार यांपैकी कशावरून तरी आला असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

दोन पौर्णिमांचा महिना किती वर्षांनी येतो?

सरासरी २.७ वर्षांनी. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवसांच्या थोडे पुढे जातात, म्हणजे वर्षाला सुमारे अकरा दिवस उरतात. ते साठत जातात. एकोणीस वर्षांत २२८ महिने आणि २३५ पौर्णिमा भरतात, तेव्हा सात पौर्णिमा जादा. आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात अधिक मास घातले जातात त्यामागेही हेच गणित आहे.

फेब्रुवारीत दोन पौर्णिमा कधीच येत नाहीत; लीप वर्षातले २९ दिवसही अपुरे पडतात. कधी कधी फेब्रुवारी पौर्णिमेविनाच जातो आणि जानेवारी, मार्च या दोघांना दोन-दोन मिळतात. २०१८ मध्ये असंच झालं. त्या वर्षी ३१ जानेवारीच्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहणही होतं.

जगभर एकाच वेळी ब्लू मून असतो का?

दर वेळी नाही. पौर्णिमेचा क्षण सगळीकडे एकच, पण त्या क्षणी घड्याळं आणि तारखा वेगळ्या. ३१ डिसेंबर २००९ ची पौर्णिमा युरोप-अमेरिकेत डिसेंबरमधली दुसरी होती. भारतात तोपर्यंत मध्यरात्र उलटून १ जानेवारी २०१० उजाडला होता, त्यामुळे इथे डिसेंबर सुटला आणि ३० जानेवारीची पौर्णिमा ब्लू मून ठरली.

त्या रात्री चंद्र निळा दिसतो का?

नाही. ‘आज आकाशात निळा चंद्र’ अशा मथळ्यांनी मुलांना गच्चीवर नेऊन निराश करू नका. चंद्र नेहमीसारखाच पांढरा-पिवळसर असतो.

खराखुरा निळा चंद्र मात्र दिसू शकतो, आणि त्याचा पौर्णिमेच्या मोजणीशी संबंध नाही. हवेत तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा किंचित मोठे, म्हणजे साधारण एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) आणि बरेचसे एकसारखे कण असले, तर ते तांबडा प्रकाश अधिक विखुरतात आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यानंतर निळे आणि हिरवट चंद्र पाहिल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा भागात पेटलेल्या जंगलांचा धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये सूर्य आणि चंद्र दोन्ही निळे दिसले. धुरात किंवा राखेत लहान-मोठे कण मिसळलेले असतील तर हा परिणाम जमत नाही, चंद्र तांबूसच दिसतो. बहुतेक वणव्यांत तसंच होतं.

‘ब्लू’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘विश्वासघात’ या शब्दावरून आला, असं वाचलं. खरं का?

‘विश्वासघातकी चंद्र’ म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लांबवणारी जादा पौर्णिमा, अशी ती कल्पना आहे. ऐकायला मोहक आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. १५२८ च्या त्या ओळींत रंगाचाच अर्थ सरळ लागतो.

‘ब्लू’ म्हणजे उदास. मग या वाक्प्रचारात उदासी आहे का?

नाही. ‘फीलिंग ब्लू’मध्ये उदासी आहे, इथे नाही. जवळपास दिसणाऱ्या इतर वाक्प्रचारांशीही गल्लत होते, तेव्हा ते वेगळे करून ठेवलेले बरे. ‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना, अचानक. तिथला निळा रंग निरभ्र आकाशाचा. अचानक आलेला माणूस रोज येणाराही असू शकतो आणि क्वचित येणारा कळवून येऊ शकतो, म्हणून दोन्हींची अदलाबदल करू नये. हवं तर एकाच वाक्यात दोन्ही बसतात: ‘ही कॉल्स वन्स इन अ ब्लू मून, अँड ऑलवेज आउट ऑफ द ब्लू.’ ‘ओव्हर द मून’ म्हणजे आनंद गगनात न मावणं. ‘आस्क फॉर द मून’ म्हणजे न मिळण्यासारखं मागणं. ‘मूनलायटिंग’ म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरं काम करणं.

दिनदर्शिकेवर खूण करायची असेल तर?

३१ मे २०२६ आणि ३१ डिसेंबर २०२८ या महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमा. ऋतूच्या हिशेबाने २० मे २०२७.